तोसदान, खुरजी व पडतळ

लष्करी कागदांत 'तोसदान' शब्द दिसला म्हणजे काडतुसांची पेटी हा अर्थ सहज सुचतो. परंतु फारसी 'तोशा' म्हणजे वाटेची शिदोरी. शिदोरीच्या पिशवीचें नांव पुढें काडतुसांच्या पेटीस लागलें. ओझ्याची वांटणी पाहिली म्हणजे हें उलगडतें. इ. स. १७६१ त पानिपतावर लढलेल्या इब्राहीमखान गारद्याच्या कवायती पायदळासारख्यांस काडतूस चटकन हातीं लागणें अवश्य. म्हणून तें अंगावर. स्वाराचें किरकोळ सामान घोड्याच्या दोहों अंगांस लोंबणाऱ्या खुरजींत. बाकीचें पडतळ म्हणून बैलांवर वा तट्टांवर. सबब शेजारीं बंदूक असल्यास पेटी, शिधा असल्यास पिशवी समजावी. नक्कल करतांना संग्राहकांनीं मागचीं-पुढचीं कलमें गाळूं नयेत, अशी आमची विनंती आहे.