अठ्ठ्याऐंशी क्रमांकाचा खेळाडू

अमेरिकन फुटबॉलमध्ये टाइट एंडला दोघांचं काम एकट्याने करावं लागतं. आक्रमण फळीच्या टोकाला उभं राहून समोरचा धिप्पाड बचावपटू अडवायचा, आणि पुढच्याच चालीत त्याला हुलकावणी देऊन मोकळ्या जागेत चेंडू झेलायचा. अडवताना बसणाऱ्या धडका धावफलकावर येत नाहीत; शरीरावर मात्र त्यांची नोंद राहते. जॉन मॅकी यांची कारकीर्द पाहिली की हे नीट कळतं.

१९४१ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले मॅकी सिराक्यूज विद्यापीठाकडून खेळले. १९६३ मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत बाल्टिमोर कोल्ट्स या व्यावसायिक संघाने त्यांना दुसऱ्या फेरीत घेतलं. तोवर टाइट एंडकडून मुख्य अपेक्षा असे ती अडवण्याची. टाइट एंड माइक डिटका यांनी ती चाकोरी मोडायला सुरुवात केली होती. मॅकींनी या बदलाला वेगाची जोड दिली. चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचणं म्हणजे टचडाउन. १९६६ मध्ये त्यांनी केलेल्या नऊ टचडाउनपैकी सहा पन्नास किंवा त्याहून अधिक यार्डांचे होते.

१७ जानेवारी १९७१, मायामी, पाचवा सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा सामना. प्रतिस्पर्धी डॅलस ६-० ने पुढे होता. बाल्टिमोरच्या जॉनी युनायटस यांनी फेकलेला चेंडू सहकारी एडी हिंटन यांच्या हाताला लागून उडाला, डॅलसच्या मेल रेनफ्रो यांच्या बोटांना निसटता घासला आणि मागे असलेल्या मॅकींच्या हातात पडला. ते थेट धावत सुटले. पंचाहत्तर यार्डांचा टचडाउन! रेनफ्रोंचा स्पर्श झालाच नाही, असं डॅलसचं म्हणणं होतं. तसं असतं तर झेल बाद ठरला असता, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे आक्रमक संघाच्या दोघांनी लागोपाठ स्पर्श केलेला चेंडू झेलता येत नसे. पंचांनी तो मान्य केला. बाल्टिमोर १६-१३ ने जिंकलं.

याच काळात मॅकी लीगमधल्या खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष होते. करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघात गेला, तर नव्या संघाने जुन्याला भरपाई द्यायची आणि दोघांत एकमत झालं नाही तर ती लीगचे आयुक्त पीट रोझेल ठरवणार, असा नियम होता. या धास्तीने असे खेळाडू घ्यायला संघ कचरत. मॅकी आणि त्यांचे सहकारी कोर्टात गेले. १९७६ मध्ये अपील न्यायालयानेही हा नियम मक्तेदारीविरोधी कायद्याच्या विरुद्ध ठरवला. मॅकी १९७२ मध्येच निवृत्त झाले होते. खेळातल्या दिग्गजांसाठी असलेल्या हॉल ऑफ फेमचा मान त्यांना १९९२ मध्ये मिळाला. संघटनेच्या कामामुळेच तो लांबला, अशी अनेकांची भावना होती.

पुढे स्मृतिभ्रंशाने त्यांना गाठलं. विमानतळावरच्या तपासणीत सुपर बोलची आणि हॉल ऑफ फेमची अंगठी काढायला सांगितली, तेव्हा ते ऐकेनात. सुरक्षारक्षकांशी झटापट झाली. उपचारांचा खर्च पेलण्यासाठी पत्नी सिल्व्हिया यांनी छप्पन्नाव्या वर्षी हवाईसुंदरीची नोकरी धरली. त्यांनी लीगचे तेव्हाचे आयुक्त पॉल टॅग्लियाबू यांना पत्र लिहून आपली व्यथा मांडली. त्यातून स्मृतिभ्रंश झालेल्या माजी खेळाडूंसाठी मदतीची योजना उभी राहिली. मॅकींच्या जर्सीच्या क्रमांकावरून तिला ‘८८ योजना’ म्हणतात. सुरुवातीला शुश्रूषागृहातील देखभालीसाठी तिच्यातून वर्षाला ८८ हजार डॉलरपर्यंत मदत मिळे.

६ जुलै २०११ रोजी, एकोणसत्तराव्या वर्षी, मॅकी गेले. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांशी जोडला जाणारा सीटीई हा विकार त्यांच्या मेंदूच्या तपासणीत आढळला.

३३१ झेल आणि ३८ टचडाउन ही त्यांची मैदानावरची कमाई. पण ज्या खेळाने माणसाचं शरीर वापरलं, त्याने त्याची किंमतही चुकवली पाहिजे, ही त्यांच्या आणि सिल्व्हियांच्या लढ्याने पुढे आणलेली मागणी त्याहून मोठी आहे. प्रत्येक व्यावसायिक खेळाने ती मान्य केलीच पाहिजे.