सहा-क मधली माणसं

सोलापूर रस्त्यानं भिगवण मागं टाकलं की डाळजच्या पाट्या लागतात. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. डाव्या हाताला उजनी धरणाचं पाणी. घरातली गुपितं आणि त्यांतून जोडली जाणारी अनोळखी माणसं या विषयावरच्या मराठी कादंबऱ्यांचा आढावा इथूनच घ्यावासा वाटतो.

इंग्रजीत हा प्रकार लोकप्रिय. वकील मृत्युपत्र वाचतो, माळ्यावर पत्रांची पेटी सापडते, तीन परकी माणसं भावंडं निघतात. डोळे पुसत पुस्तक मिटायचं. आपल्याकडं गुपित माळ्यावर नसतं, पारावर असतं. अख्ख्या गावाला ठाऊक असतं, बोलत कुणी नाही. त्यामुळं मराठी कादंबरीला बाहेरचा माणूस लागतो.

माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला (१९५५) मास्तर असाच. लिहिता-वाचता येणारा तो एकटा, म्हणून घरातलं न सांगायचंही लोक त्याला सांगतात. तरी परका तो परकाच. अंजी या पोरीच्या एका चोळीवरून गावच्या कारभाऱ्याचं मन फिरतं. जीव लावणारी कादंबरी म्हणाल तर माझ्या लेखी हीच. ती रडवायला बसलेली नाही, म्हणून.

सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये (२००६) परका माणूस पुण्यातल्या जोशींच्या घरात भाड्यानं राहायला येतो. त्याला नावसुद्धा नाही. तनय आणि अनुजा ही दोघं भावंडं त्याच्यावरच प्रेम करतात. तो निघून जातो. अर्धी कादंबरी भाऊ सांगतो, अर्धी बहीण, आणि वाचताना कळतं की या घरात एकमेकांना खरी अनोळखी ही दोघंच आहेत.

विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’त (१९९१) धरण येतं, जांभळी गाव उठतं. सगळं जाणणारे शेजारी पांगतात, नवे शेजारी काहीच जाणत नाहीत. विस्थापनाचं दुःख आपण पुष्कळ वाचलं. गुपित विरून जाण्याची ही मुभा मात्र फारशी कुणी लिहिली नाही.

उजनीच्या पाण्यानंही गावं उठवली; त्यांच्या गुपितांची न लिहिलेली कादंबरी बहुधा तलाठ्याच्या दप्तरात पडून असेल. गाव नमुना सहा-क, म्हणजे वारसांची नोंदवही. जमिनीचा खातेदार गेला की तिथं नावं लागतात, आणि कधी एखादं असं नाव पुढं येतं की भावकी एकमेकांकडं बघत राहते. दुसऱ्या घरची पोरं, माहेरी परतलेली आत्या. ओळख आधी कागदावर होते, चहा नंतर.

उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की पळसदेवला पळसनाथाचं जुनं मंदिर उघडं पडतं. पोरं फोटो काढतात. म्हातारी माणसं चिखलातली जोती दाखवतात: हे पाटलांचं, ते सुताराचं. त्याच्या पलीकडचं?

‘असू दे,’ म्हणतात.