कुरणशास्त्र : कृषी पदवीधरांसाठी पर्यावरण क्षेत्राची वाट

बंगळुरूजवळचे हेसरघट्टा हे नाव महाराष्ट्रातील भाजीपाला उत्पादकांना 'अर्का' वाणांमुळे परिचित आहे. भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था तेथेच आहे. त्याच परिसरात शहराच्या वाढीतून बचावलेले विस्तीर्ण गवताळ माळरानही आहे. तेथे चित्रनगरी उभारण्याचे प्रस्ताव पुढे आले, त्यावर वर्षानुवर्षे वाद झाले आणि २०२४ मध्ये पाच हजारांहून अधिक एकरांचे हे क्षेत्र संवर्धन राखीव करण्यास कर्नाटकच्या राज्य वन्यजीव मंडळाने मान्यता दिली.

अशा वादात एक प्रश्न हमखास उपस्थित होतो : जेथे झाडे नाहीत, ती जमीन पडीक कशी नव्हे? याचे उत्तर भावनेने देता येत नाही. तेथे कोणती गवते आहेत, चारा किती निघतो आणि किती जनावरे पोसली जातात, हे मोजून सांगणारा माणूस लागतो. कुरणशास्त्र शिकवते ते नेमके हेच.

अमेरिकेतील काही विद्यापीठांत या विषयाची स्वतंत्र पदवी मिळते. आपल्याकडे विद्यार्थी बहुधा कृषी, वनशास्त्र किंवा पशुवैद्यक शाखेतून याकडे वळतात. ही उणीव वाटली, तरी मृदा, चारापिके आणि जनावरांचा आहार यांची त्यांची जाण निव्वळ जीवशास्त्राच्या पदवीधराकडे सहसा नसते. शिवाय पाया देशी आहे. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ च्या ग्रंथात भारतातील गवताळ आच्छादनाचे पाच प्रमुख प्रकार मांडले. दख्खनचा माळ त्यांतील पवन्या-मारवेल प्रकारात मोडतो. चराईचा भार वाढला की पवन्या मागे हटतो, कुसळी फोफावते आणि शेवटी बुटकी वर्षायू गवते उरतात. हा क्रम ओळखणारा अभ्यासक माळावर नुसता फिरूनही जमिनीचा इतिहास वाचू शकतो.

पुढील शिक्षणासाठी बंगळुरू सोयीचे आहे. भारतीय विज्ञान संस्थेतील पर्यावरणीय विज्ञान केंद्र माधव गाडगीळ यांनी १९८३ मध्ये सुरू केले. कृषी विद्यापीठाच्या जीकेव्हीके आवारातील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात वन्यजीव जीवशास्त्र व संवर्धन या विषयाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, तसेच सॅव्हाना परिसंस्थांवर संशोधनही चालते. 'अत्री' या संस्थेत पीएचडी करता येते. कच्छच्या बन्नी कुरणातील वेड्या बाभळीच्या आक्रमणावर तिचे दीर्घकाळ काम आहे. याच संस्थेचे अबी वनक यांनी एम. डी. मधुसूदन यांच्यासह २०२२ मध्ये उपग्रह-चित्रांवरून देशातील अर्धशुष्क खुल्या परिसंस्थांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यानुसार देशाच्या भूभागापैकी सुमारे १० टक्के क्षेत्र या प्रकारचे आहे. चारा मोजणाऱ्यास दूरसंवेदन आणि संख्याशास्त्र का शिकावे लागते, हे अशा कामातून कळते.

नोकरीबाबत मात्र भ्रम नसावा. 'कुरणतज्ज्ञ' या नावाच्या जागेची जाहिरात क्वचितच निघते. काम मिळते ते पाणलोट विकासात, पर्यावरणीय आघात मूल्यांकनात, वन विभागाच्या अधिवास सुधारणेत, मृदा-कर्बाच्या मोजणीत आणि पशुपालकांसोबत काम करणाऱ्या संस्थांत. झाशीची भारतीय चराई व चारा संशोधन संस्था आणि तिचे धारवाड येथील प्रादेशिक केंद्र हे संशोधनाचे मार्ग आहेतच. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे व पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केल्याने विषयाकडे लक्ष वळले आहे. नोकऱ्या लगेच वाढतील, असे त्यावरून समजू नये.

प्रवेशाच्या मुलाखतीत प्रमाणपत्रांपेक्षा क्षेत्रीय नोंदी अधिक उपयोगी पडतात आणि त्या गावच्या गायरानातच करता येतात. पावसाळ्यापूर्वी एक मीटर लांब-रुंद अशा काही चौकटी कुंपण घालून राखाव्यात, पावसानंतर त्यांतील गवत कापून, वाळवून तोलावे. समजा, चौकटीमागे सरासरी २०० ग्रॅम भरले, तर हेक्टरी उत्पादन दोन टन होते. निम्मे गवत बियांसाठी व जमिनीसाठी राखले, तर दररोज साडेसात किलो सुका चारा खाणाऱ्या गाईला एक हेक्टर सुमारे १३३ दिवस पुरतो. गायरानावर किती जनावरे न्यावीत, या ग्रामसभेतील चर्चेलाही हाच हिशेब उपयोगी पडतो.