मूर्ती तीच, इंजिन लहान!

पुण्याचा चांदणी चौक सोडला, भूगाव-भुकूम मागे टाकलं, पिरंगुटचा घाट लागला की पुढे हमखास कोण? डबल केबिन पिकअप! आत पाच माणसं, मागे हौद्यात वेल्डिंग मशीन आणि वर ताडपत्री. ऑस्ट्रेलियात हिचं लाडाचं नाव ‘यूट’.

माहीत आहे का, यूटचा जन्म म्हणे एका शेतकरणीच्या पत्रातून झाला? रविवारी चर्चला नेईल आणि सोमवारी डुकरं बाजारात पोहोचवेल अशी एकच गाडी द्या, अशी तिची फोर्डकडे फर्माइश. 1934 मध्ये गाडी हजर!

आता आपल्याकडची दांडगी, इसुझू व्ही-क्रॉस. 2016 मध्ये भारतात आली ती 2499 सीसीचं इंजिन घेऊन. 2021 च्या बीएस-6 अवतारात उरले 1898. म्हणजे 601 सीसी गायब. चक्क सहा स्प्लेंडर उतरवल्या की हो!

आणि ताकद? 136 वरून 163 पीएस. सहा स्प्लेंडर उतरल्या, तरी तीन-साडेतीन स्प्लेंडरचा जोर वर चढला. करामत टर्बोची आणि इंजेक्टरची: हवा दाबून भरायची, डिझेल नेमकं फवारायचं.

पण थांबा, घाटात खरी गंमत. जुनं इंजिन 320 न्यूटन मीटरची पूर्ण ओढ 1800 ते 2800 आरपीएमपर्यंत द्यायचं. नवं 360 देतं, पण 2000 ते 2500 मध्येच. पुढे सिमेंटचा मिक्सर रांगतोय, पाऊस कोसळतोय, सुई 1500 वर... मुकाट्याने गिअर उतरवा! सुई 2000 ला टेकली की बघा कशी खेचते. (ओव्हरटेक घाट संपल्यावर, काय!)

पार्किंग? लांबी जवळपास 5.3 मीटर. घोटवडे फाट्यावर ‘दोन मिनिटांत आलो’ म्हणून लावाल, तर अख्खा फाटा हॉर्न वाजवेल.

बोलेरो कॅम्परवाले गालात हसतायत. तिचं इंजिन 2523 सीसी, ताकद फक्त 75 एचपी! पण पूर्ण ओढ 1400 आरपीएमलाच हाताशी. रोज टनभर माल वाहायचा तर माझं मत तिलाच. हौद्यात तंबू टाकून ताम्हिणी गाठायची असेल, तर व्ही-क्रॉस.

इसुझू नवखी वाटते? अहो, अ‍ॅम्बॅसिडर 1800 आयएसझेडच्या बॉनेटखाली तीच होती!

आणि जपानीत ‘इसुझू’ म्हणजे काय, माहीत आहे का? पन्नास घुंगरं! बैलगाडा शौकीन मंडळी, ऐकताय ना?