सोव्हिएत संघ व रशियातील यहोवाचे साक्षीदार

यहोवाचे साक्षीदार हा ख्रिस्ती परंपरेतून उदयास आलेला एक अल्पसंख्याक पंथ आहे. सोव्हिएत काळात त्याला कायदेशीर अस्तित्व नव्हते व १९५१ मध्ये त्याच्या हजारो अनुयायांना सायबेरियात हद्दपार करण्यात आले. १९९१ मध्ये त्याला मान्यता मिळाली; तथापि २०१७ मध्ये रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या संस्थांवर बंदी घातली.

पार्श्वभूमी

चार्ल्स टेझ रसेल यांनी १८७० च्या दशकात अमेरिकेतील पिट्सबर्ग परिसरात सुरू केलेल्या बायबल अभ्यासमंडळातून हा पंथ विकसित झाला. १९३१ मध्ये त्याने सध्याचे नाव स्वीकारले. अनुयायी त्रैक्याचा सिद्धान्त मानत नाहीत, राजकारणापासून अलिप्त राहतात, लष्करी सेवा नाकारतात आणि घरोघरी जाऊन धर्मप्रचार करतात. ‘टेहळणी बुरूज’ हे पंथाचे मुख्य नियतकालिक होय.

सोव्हिएत संघात समावेश

सोव्हिएत संघातील अनुयायांपैकी बहुसंख्य लोक स्थलांतर करून तेथे आलेले नव्हते. १९३९-४० मध्ये पश्चिम युक्रेन, पश्चिम बेलारूस, मोल्दोव्हा व बाल्टिक देश सोव्हिएत संघात सामील करून घेतले गेले, तेव्हा तेथील अनुयायी आपोआप सोव्हिएत अमलाखाली आले. १९२९ च्या कायद्यानुसार प्रत्येक धार्मिक मंडळाला सरकारी नोंदणी सक्तीची होती व नोंदणीकृत मंडळांवरही कडक नियंत्रण असे. मतदान व सैन्यभरती नाकारणारा आणि अमेरिकेत मुख्यालय असलेला हा पंथ शासनाला सोव्हिएतविरोधी वाटत होता.

१९५१ ची हद्दपारी

मार्च १९५१ मध्ये सोव्हिएत मंत्रिपरिषदेने हद्दपारीचा निर्णय घेतला. एप्रिलच्या आरंभी ‘ऑपरेशन नॉर्थ’ या सांकेतिक नावाने मोहीम राबवण्यात आली. वृद्ध व बालकांसह आठ हजारांहून अधिक लोकांना रेल्वेगाड्यांतून प्रामुख्याने तोम्स्क व इर्कुत्स्क या प्रदेशांत नेण्यात आले. त्यांची घरे व मालमत्ता जप्त झाली. ‘विशेष वसाहतीं’त राहणाऱ्यांना ठरावीक हद्दीबाहेर जाण्यास मनाई होती.

सप्टेंबर १९६५ च्या हुकुमाने हे निर्बंध उठवण्यात आले. मात्र जप्त मालमत्ता परत मिळाली नाही आणि मूळ गावी परतण्यासाठी स्थानिक प्रशासनाची अनुमती आवश्यक ठरली.

भूमिगत काळ

नोंदणी नसल्याने प्रार्थनासभा घरांत लहान गटांनी भरत. बाहेरून गुप्तपणे आलेल्या साहित्याचे भाषांतर करून त्याच्या हस्तलिखित प्रती काढल्या जात. काही ठिकाणी तळघरांत छपाईही चाले. लष्करी सेवा नाकारणाऱ्या तरुणांना तुरुंगवास होई. गुप्त पोलिसांनी खबरे पेरून पंथात फूट पाडण्याचेही प्रयत्न केले.

मान्यता

१९९० च्या धर्मस्वातंत्र्यविषयक कायद्यानंतर, २७ मार्च १९९१ रोजी रशियात पंथाची अधिकृत नोंदणी झाली. सेंट पीटर्सबर्गजवळील सोल्नेच्नोये येथे त्याचे प्रशासकीय केंद्र उभे राहिले. मार्च १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांनी सोव्हिएत काळातील धार्मिक दडपशाहीचा निषेध करणारा व पीडितांची पुनःप्रतिष्ठा करणारा आदेश काढला.

२०१७ ची बंदी

२००२ च्या अतिरेकवादविरोधी कायद्यात स्वतःच्या धर्माच्या श्रेष्ठत्वाचा प्रचार हाही अतिरेकवाद ठरवण्यात आला आहे. त्यासाठी हिंसा घडलेली असणे आवश्यक नाही. २००४ मध्ये मॉस्को येथील मंडळ वेगळ्या कायद्यान्वये बरखास्त झाले होते. २००९ मध्ये तागानरोग येथील मंडळ मात्र याच कायद्याखाली विसर्जित झाले. २० एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रशासकीय केंद्र व ३९५ स्थानिक संस्था विसर्जित करून त्यांची मालमत्ता जप्त करण्याचा आदेश दिला. त्या वेळी रशियात पंथाचे सुमारे १,७५,००० सक्रिय अनुयायी होते.

बंदी संस्थांवर आहे, वैयक्तिक श्रद्धेवर नाही, अशी शासनाची भूमिका आहे. प्रत्यक्षात एकत्र जमून बायबल वाचणे वा प्रार्थना करणे हे ‘बंदी घातलेल्या संस्थेचे कार्य चालू ठेवणे’ मानून शेकडो अनुयायांवर फौजदारी खटले भरण्यात आले. ओर्योल येथे राहणारे डॅनिश नागरिक डेनिस ख्रिस्टेन्सेन यांना फेब्रुवारी २०१९ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. केवळ उपासना हा गुन्हा नव्हे, असे स्पष्टीकरण सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिले; तरीही खटले थांबले नाहीत.

आंतरराष्ट्रीय निर्णय

मॉस्को मंडळाच्या बरखास्तीमुळे धर्मस्वातंत्र्याचा भंग झाल्याचा निर्णय युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने जून २०१० मध्ये दिला. ७ जून २०२२ रोजी त्याने २०१७ ची बंदीही बेकायदेशीर ठरवली आणि प्रलंबित खटले मागे घेऊन कैद्यांना मुक्त करण्यास सांगितले. मात्र त्याच वर्षी मार्चमध्ये रशियाचे युरोप परिषदेतील सदस्यत्व संपुष्टात आले होते व त्यानंतरचे निर्णय न पाळण्याचा कायदा रशियाने केला. परिणामी या निकालाची अंमलबजावणी झाली नाही व बंदी कायम राहिली.