जीपमधील इंजिनबदल व माउंटिंगचे महत्त्व

नांदगाव पेठहून मेळघाटच्या चढणीकडे जाणाऱ्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसविताना माउंटिंगचा प्रश्न प्रथम उपस्थित होतो. वजन पेलणे आणि कंपन अडविणे ही माउंटिंगची प्रमुख कार्ये होत. चार सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला ७५० फेऱ्यांवर सेकंदाला २५ ज्वलने होतात. रबरावरील इंजिनाची नैसर्गिक कंप्रता सुमारे १७ हर्ट्झपेक्षा कमी असेल, तरच हे कंपन चासीपर्यंत पोहोचताना घटते. शिवाय खडकाळ वाटेवर चासी पिळवटते. रबराविना थेट बोल्ट केलेल्या इंजिनावर तो ताण येऊन ब्रॅकेटला तडे जाऊ शकतात. म्हणून प्रोपेलर शाफ्टचे कोन व ऑइल संपखालील अंतर निश्चित करून मगच ब्रॅकेट वेल्ड करावेत. मात्र मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत बदल मालकाला स्वेच्छेने करता येत नाही, याचेही भान आवश्यक ठरते.