तबकडीचं नावगाव

गाणं संपल्यावर गायिका गौहरजान स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्यानं सांगायची. 1902 च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात तिचं ध्वनिमुद्रण करत होता. त्या काळच्या बऱ्याच गायक-गायिकांनी असंच गाण्याच्या शेवटी आपलं नाव भोंग्यात सोडलं आहे. कारण साधं होतं. मेणावरची मूळ मुद्रणं तबकड्या छापण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला जायची. तिथल्या कारागिराला इथली एकही भाषा कळत नसे. कुठल्या तबकडीवर कुठलं लेबल लावायचं, हे त्याला त्या शेवटच्या शब्दांवरून समजायचं. कलकत्त्यात सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला तो 1908 मध्ये.

गाण्याबरोबर त्याचं नावगाव गेलंच पाहिजे, ही शिस्त या धंद्याला सुरुवातीपासून होती. आज फोनवर गाणी पुढे पाठवताना आपण ती साफ सोडून दिली आहे. ‘जुनं दुर्मीळ गाणं, जरूर ऐका’ एवढ्यावर गाणं शंभर घरांत पोचतं. पण कोण गातंय, कुठल्या नाटकातलं, कोणत्या साली, काही नाही. मी आयुष्यभर ग्रंथपाल होते. दाखल नोंदवहीत पुस्तकाचा क्रमांक, लेखक, प्रकाशक, साल लिहिल्याशिवाय पुस्तक कपाटात जाऊ द्यायचं नाही, हे हाडात मुरलेलं. म्हणून हा लेख.

मी राहते मीरा रोडला, स्टेशनच्या पूर्वेला, नया नगरात. ही वस्ती उभी राहू लागली 1980 च्या आगेमागे. भेंडीबाजार, डोंगरी, मोहम्मद अली रोड इथल्या दाटीतून पुष्कळ कुटुंबं इकडे आली. आमच्यासारखे रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमानही आले. उर्दू शायर आणि लेखक इथे बरेच. मुशायऱ्याला रात्री उशिरापर्यंत माणसं बसतात. आमच्या घरात मराठी आणि कोकणी बोली, जिन्यात उर्दू, खाली दुकानात गुजराती. पण जुन्या जागेतून नव्या फ्लॅटमध्ये येताना जड सामान मागे राहिलं, आणि त्यात ग्रामोफोन पहिला. लाखेच्या तबकड्या वजनदार, वर ठिसूळ. कित्येक घरांतल्या पेट्या चोरबाजारात गेल्या.

आमच्या खालच्या मजल्यावरचे चाचा सांगतात, त्यांच्या अब्बांकडे कव्वालीच्या तबकड्यांची एक पूर्ण पेटी होती. डोंगरीची खोली सोडताना ती विकली. त्यातल्या एका कव्वालीची चाल चाचांना आजही पाठ आहे, गाणाऱ्याचं नाव मात्र आठवत नाही. तिचा शोध घ्यायला बसलो आणि आम्हा दोघांपुढे एक मोठं भांडार उघडलं.

आधी हे समजून घेऊ, की पुस्तकं जशी ग्रंथालयात सापडतात तशा तबकड्या का सापडत नाहीत. 1954 च्या केंद्रीय कायद्यानं प्रत्येक प्रकाशकावर पुस्तकाची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांत जमा करण्याचं बंधन घातलं. कलकत्त्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, मद्रासचं कॉनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी, ही ती चार ठिकाणं. 1956 मध्ये वृत्तपत्रांचाही समावेश झाला. ध्वनिमुद्रिका त्यात नव्हत्याच. त्यामुळे मराठीतला एखादा सुमार कवितासंग्रह सरकारी कपाटात सुरक्षित राहिला आणि त्याच वर्षी निघालेली नाट्यपदाची उत्तम तबकडी राहिली ती कुणाच्या माळ्यावर. ती जगली असेल, तर एखाद्या शौकिनामुळे.

असे शौकीन मुंबईत होते, हे आपलं भाग्य. 1990 मध्ये सुरेश चांदवणकर, नारायण मुलानी आणि ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनिअर यांनी इथे ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ सुरू केली. चांदवणकर पेशानं टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले वैज्ञानिक. ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे संस्थेचं नियतकालिक. त्यात तबकड्यांच्या याद्या, क्रमांक, कलावंतांची चरित्रं येत. त्याचे अंक आता शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया डिजिटल ग्रंथालयात कुणालाही वाचता येतात. किनिअर यांनी 1899 ते 1908 या काळातल्या ग्रामोफोन कंपनीच्या पहिल्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची केली. तो ग्रंथ आपल्या पॉप्युलर प्रकाशनानं 1994 मध्ये काढला. ग्रंथपालाच्या नजरेनं सांगते, अशी सूची हाताशी नसेल तर भलंमोठं भांडारसुद्धा अडगळच ठरतं.

पुढे ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त संग्रहांसाठीच्या योजनेत चांदवणकरांनी दोन मोठी कामं केली. पहिलं ‘यंग इंडिया’ या लेबलचं. ही स्वदेशी कंपनी मुंबईची, 1935 ते 1955 या काळातली. चित्रपटगीतं, भावगीतं, शास्त्रीय गाणं, शैक्षणिक तबकड्या असं सगळं तिनं काढलं. दुसरं काम ‘ओडियन’चं. ही जर्मन कंपनी भारतात दोनदा आली, 1912 ते 1916 आणि पुन्हा 1932 ते 1938. खासगी संग्राहकांच्या घरातल्या तबकड्या घेऊन त्यांच्यावरची हजाराहून जास्त गाणी डिजिटल झाली आणि त्याच लायब्ररीच्या माध्यमातून सगळ्यांना फुकट ऐकायला मिळाली. चोरबाजारात गेलेलं धन या वाटेनं नया नगरातल्या फोनवर परत आलं.

अशा संग्रहात शोधायचं कसं, ते सांगते. नाव रोमन लिपीत, आणि तेही जुन्या कंपन्यांच्या स्पेलिंगनं शोधावं. एकच नाव तीन प्रकारे लिहिलेलं असतं. पुढे मिस, बाई, मास्टर, प्रोफेसर अशी बिरुदं चिकटलेली असतात. गाण्याचे शब्द टाकून हाती काही लागलं नाही, तर रागाचं नाव टाकावं, नाटकाचं नाव टाकावं. लेबल आणि खाचा यांच्यामध्ये गुळगुळीत पट्टा असतो. तिथे कोरलेला आकडा म्हणजे मूळ मुद्रणाचा क्रमांक. लेबल बदलतं, कंपनी विकली जाते, हा आकडा बदलत नाही. तबकडीचं लेबल म्हणजे पुस्तकाचं शीर्षकपान आहे. ते आधी वाचावं.

चाचांची कव्वाली अजून मिळालेली नाही. पण ती शोधताना आम्ही किती ऐकलं! चाचांनी आयुष्यात पहिल्यांदा नाट्यपदं मन लावून ऐकली आणि मी बैठकीतल्या गझला. सुंदराबाई जाधवांचा आवाज ऐकून चाचा ताठ बसले. पुण्याच्या या बाई लावणी गात, गझल गात, आणि ‘एकच प्याला’च्या पदांना चाली देण्यातही त्यांचा हात होता. मराठी गाणं आणि उर्दू गाणं असे दोन ढीग आपण नंतर केले. त्या काळी दोन्ही एकाच गळ्यातून निघत.

आता कायद्याचं. ‘जुनं आहे म्हणजे कुणाचंही’ असं नसतं आणि ‘सगळंच बंद’ असंही नसतं. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो. 1960 मध्ये निघालेली तबकडी 2020 संपताच मोकळी झाली. पण गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा. तो कवीच्या आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. ‘मानापमान’ घ्या. नाटक 1911 चं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर 1948 मध्ये गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे 1955 मध्ये. म्हणजे शब्द 2008 अखेर मोकळे, चाली 2015 अखेर. जुन्या काळची त्याची तबकडी खुशाल सगळ्यांना द्या. ‘गीतरामायणा’चं तसं नाही. ग. दि. माडगूळकर 1977 मध्ये गेले, सुधीर फडके 2002 मध्ये. शब्दांचा हक्क 2037 अखेरपर्यंत, चालींचा 2062 अखेरपर्यंत आहे. ते ऐकावं, घ्यावं. परस्पर वाटू नये.

कायद्यातली आणखी एक सोय फार थोड्यांना माहीत असते. निवासी इमारतीतल्या रहिवाशांच्या सामायिक खोलीत, मुख्यतः रहिवाशांसाठीच, सोयीचा भाग म्हणून ध्वनिमुद्रण ऐकवलं तर तो हक्कभंग ठरत नाही. मीरा-भाईंदरमधल्या हजारो सोसायट्यांच्या हॉलना हे लागू आहे. आम्ही रविवारी संध्याकाळी तसंच करतो. चार-पाच गाणी, जास्त नाही. प्रत्येक गाण्याआधी एक मूल लेबल वाचून दाखवतं: गायिका, राग, कंपनी, क्रमांक. गाणं झालं की मोठी माणसं त्यात भर घालतात. कुणा आपांना तीच चाल लग्नात ऐकलेली आठवते, कुणी सांगतं की हे पद आमच्या गावच्या कीर्तनात होतं. ते सगळं वहीत उतरतं, सांगणाऱ्याच्या नावासकट. लेबलवर नसलेली माहिती अशीच गोळा होते.

जगातही हीच धडपड चालू आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं 2011 मध्ये ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’ सुरू करून जुन्या तबकड्या सर्वांसाठी खुल्या केल्या. 1923 पूर्वीची ध्वनिमुद्रणं तिथे 2022 च्या पहिल्या दिवशी हक्कमुक्त झाली. 1977 मध्ये व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या सोनेरी तबकडीसाठी केसरबाई केरकरांची भैरवी निवडली गेली, तेव्हा ती तबकडी न्यू यॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानातल्या खोक्यात सापडली. गोव्याच्या केरी गावच्या या गायिकेचा आवाज आज ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचला आहे; तो मिळवण्यासाठी मात्र दुकान धुंडाळावं लागलं होतं. आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तिच्या अनेक ऑनलाइन सेवा कित्येक महिने बंद राहिल्या. आपलं गाणं लंडनच्या एकाच कपाटात ठेवून चालणार नाही, हे त्यातून शिकायचं. प्रती इथेही हव्यात.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. पुस्तकासारखी ध्वनिमुद्रिकाही सरकारी ग्रंथालयात जमा झाली पाहिजे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा. त्याच्या आधारानं गावोगावी वाचनालयं उभी राहिली. त्यांतल्या प्रत्येकात एक टेबल, एक संगणक, दोन हेडफोन आणि मोकळ्या झालेल्या गाण्यांची नीट केलेली सूची एवढं ठेवायला फार पैसा लागत नाही. सूची करायला माणूस लागतो, आणि निवृत्त ग्रंथपाल या राज्यात कमी नाहीत. मी स्वतः तयार आहे.

तुमच्या माळ्यावर तबकड्या असतील तर एवढं करा. आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. स्पिरिटनं पुसू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि खाचा कायमच्या जातात. एलपीच्या बारीक सुईनं वाजवू नका, या खाचांना जाड सुई लागते. डिजिटल करून घेताना खरखर काढलेली प्रत हवी तर वेगळी करा, पण जशी आहे तशी प्रत आधी राखा. खरखर काढताना तानांतले बारकावेही जाऊ शकतात. दोन्ही बाजूंच्या लेबलचा फोटो काढा, पट्ट्यावरचा आकडा लिहा, तबकडी कुणाच्या घरातून आली तेही लिहा. मग ते सगळं घेऊन जवळच्या वाचनालयात जा आणि नोंद करायला सांगा. ‘अशी सोय नाही’ म्हणाले, तर सोय करा असा अर्ज लिहून द्या, आणि त्याची पोच घ्या.